आधी व्हीसीआर, मग कन्व्हर्टर

पत्र: आमचं घर सोलापुरात, दाजी पेठेत. आईच्या लोखंडी पेटीत १४ जुन्या व्हिडिओ कॅसेट सापडल्या. ९ मोठ्या, व्हीएचएसच्या आहेत. काकांचं १९९१चं लग्न, आमची बारशी, वाढदिवस आणि एकीत गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक. ४ लहान कॅसेट मामाच्या कॅमेऱ्यातल्या. तो मस्कतला होता, १९९६ साली कॅमेरा घेऊन आला होता. एक मोठी कॅसेट मावशीनं अमेरिकेहून पाठवलेली. लहानांपैकी एकीत पप्पा कारखान्यात मागाशेजारी उभे राहून दोन-तीन मिनिटं बोलतात. पप्पा २००९ साली गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. घरातला व्हीसीआर आम्ही भंगारात घातला. पुण्यातला भाऊ म्हणतो, ऑनलाइन सातशे रुपयांचं यूएसबी कन्व्हर्टर मागव, झालं. मुलीनं स्क्रीन असलेला एक डबा बघितलाय, तो १८ हजारांचा. एक फोटो स्टुडिओवाले म्हणतात, आमच्याकडे द्या, करून देतो. लग्नाची व्हीसीडी २००३ साली करून घेतली होती, मग ती कॅसेट परत करायची गरज आहे का? लॅपटॉप आहे, बजेट १२ हजार. कुठलं यंत्र घेऊ?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात तीन पर्यायांची चौकशी आहे, पण ज्या यंत्रावर सगळं अवलंबून आहे ते तुम्ही भंगारात घातलं. वाईट वाटून घेऊ नका, सोलापुरातल्या निम्म्या घरांनी तेच केलं असेल. पण १२ हजारांचा हिशोब करताना हे मनाशी पक्कं धरा की चित्र आणि आवाज कॅसेटवरून उचलतो तो व्हीसीआर. कन्व्हर्टर फक्त जे समोर येईल ते लिहून घेतो. व्हीसीआरनं थरथरतं, रेघा पडलेलं चित्र दिलं तर १८ हजारांचा डबासुद्धा तेच थरथरतं चित्र जपून ठेवील. म्हणून पैशातला मोठा वाटा व्हीसीआर मिळवण्यात आणि तो चांगल्या मेकॅनिककडून साफ करून घेण्यात घाला. उरलेल्यात कन्व्हर्टर येतो.

नवा व्हीसीआर आता मिळत नाही. तो बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. त्यामुळे जो मिळेल तो वापरलेलाच, आणि बहुधा वीस-पंचवीस वर्षांचा. आतले रबरी पट्टे वाळलेले असतात, टेप ओढणारा रबरी रोलर कडक होऊन गुळगुळीत झालेला असतो, आणि असा व्हीसीआर कॅसेट गिळतो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची कॅसेट मी जुन्या बाजारातून आणलेल्या व्हीसीआरमध्ये त्याच संध्याकाळी घातली, उतावीळपणानं. आत टेपचा गोळा झाला. सोडवताना चुरगळलेला तो तुकडा नेमका आजोबांना ओवाळण्याचा होता. आज तिथं नुसती पांढरी खरखर दिसते. त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच विनवणी करतो: घरात आणलेल्या व्हीसीआरमध्ये पहिली कॅसेट घरची घालू नका. कुठल्या तरी जुन्या सिनेमाची, टाकाऊ कॅसेट मिळवा. ती चालवा, पुढं पळवा, मागं घ्या, पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. चित्र स्थिर राहिलं, टेपच्या कडा दुमडल्या नाहीत, तरच पुढं जा.

व्हीसीआर शोधायचा कुठं? आधी नातेवाइकांचे माळे. मग ज्यांनी नव्वदच्या दशकात लग्नांचं शूटिंग केलं ते व्हिडिओवाले; यातल्या अनेकांनी आपलं यंत्र अजून कापडात गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि ते त्याची काळजी घेणारे लोक असतात. रात्रभर चार सिनेमे बघायला आपण व्हीसीपी भाड्यानं आणायचो, तो व्हीसीपीसुद्धा चालेल, कारण आपल्याला रेकॉर्ड करायचं नाही, फक्त वाजवायचं आहे. मागं पिवळं आणि पांढरं अशी एव्ही-आउटची भोकं हवीत. फक्त अँटेनाची वायर जाते तसलं यंत्र टाळा, त्या वाटेनं चित्र आणखी उतरतं. एस-व्हीएचएसचा, म्हणजे व्हीएचएसच्याच सुधारित जातीचा, व्हीसीआर मिळाला तर उत्तमच.

साफसफाई मेकॅनिककडून करून घ्या. घरी करायचा मोह झाला तर एक गोष्ट लक्षात ठेवा: आतल्या चकचकीत ड्रमला कापूस गुंडाळलेली काडी कधी लावायची नाही. कापसाचे धागे हेडमध्ये, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या बारीक तुकड्यात, अडकतात आणि हेड तुटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं, धागे न सुटणारं मऊ कापड ड्रमला टेकवून ड्रम हातानं हळूहळू फिरवायचा. कापड वर-खाली घासायचं नाही.

आता हा ड्रम काय करतो ते सांगतो, कारण ते समजलं की सातशे रुपयांच्या कन्व्हर्टरमध्ये काय बिघडतं तेही समजेल. आणि पप्पा मागाशेजारी उभे राहणारे, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद असते आणि फार सावकाश सरकते, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर. एवढ्या संथ टेपवर चित्र मावणारच नाही. म्हणून हेड स्वतः फिरतात. ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो आणि त्यावरचे दोन हेड टेपवर तिरक्या रेघा ओढत जातात, सेकंदाला ५०. प्रत्येक रेघेत अर्धं चित्र असतं. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी, पुढच्या रेघेत २, ४, ६ अशा सम. साध्या विणीत एका फेरीला विषम धागे वर उचलले जातात आणि धोटा जातो, पुढच्या फेरीला सम धागे वर. दोन्ही मिळून कापड तयार होतं. पडद्यावरचं चित्र तसंच विणलेलं असतं. दोन अर्धी मिळून एक पूर्ण, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, आणि प्रत्येकात दिसणाऱ्या ओळी ५७६.

गोम अशी आहे की तीस वर्षांची टेप ताणली गेलेली असते, मोटर एकसारखी फिरत नाही, त्यामुळे ओळी ठरल्या वेळी पोचत नाहीत. कुणी किंचित आधी, कुणी उशिरा. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. डिजिटल कन्व्हर्टर घड्याळाला बांधलेला असतो. ओळ वेळेवर आली नाही की स्वस्त कन्व्हर्टर आख्खं चित्र सोडून देतो. एक चित्र गेलं तर डोळ्यांना कळतही नाही. पण आवाज मात्र चालूच राहतो. अशी शे-दोनशे चित्रं गळाली की तासाभरानं ओठ आणि आवाज यांची फारकत होते. लग्नाच्या कॅसेटमध्ये अंतरपाट आधी खाली जातो आणि भटजींचं 'सावधान' नंतर ऐकू येतं. सातशे रुपयांच्या कन्व्हर्टरबद्दल सर्वात जास्त तक्रार हीच असते.

भाऊ चुकीचं सांगत नाही, स्वस्तातलं यंत्र चालतंही कधीकधी. अडचण अशी की 'ईझीकॅप' नावाखाली जे विकलं जातं ते एक यंत्र नव्हे. तेच काळं प्लॅस्टिक, तोच छाप, आत मात्र चार-पाच तऱ्हेच्या चिप. एकाला लॅपटॉप ओळखतो, दुसऱ्याला ड्रायव्हरच मिळत नाही, तिसऱ्याचा आवाज फाटतो. बाहेरून कळायला मार्ग नाही. मागवायचंच असेल तर परत करण्याच्या मुदतीत एक तासभर सलग रेकॉर्ड करून शेवटची पाच मिनिटं बघा, ओठ आणि आवाज जुळतात का. पहिली पाच मिनिटं बघून हुरळून जाऊ नका.

माझी शिफारस हॉपॉग कंपनीच्या 'यूएसबी-लाइव्ह २' या कन्व्हर्टरची. पाल आणि अमेरिकेची एनटीएससी या दोन्ही पद्धती त्याला कळतात, पिवळ्या वायरीबरोबर एस-व्हिडिओचीही जागा आहे. तो नवा नाही मिळाला तर वापरलेला घ्या, यात झिजण्यासारखं काही नसतं. एल्गाटोचं 'व्हिडिओ कॅप्चर' सोपं आणि भरवशाचं म्हणून नावाजलेलं आहे, पण ते ६४० बाय ४८०च्या पुढं जात नाही. आपल्या कॅसेटमध्ये ५७६ ओळी आहेत, मग जवळपास शंभर ओळी दारातच का सोडायच्या?

मुलीनं बघितलेल्या स्क्रीनवाल्या डब्याचा मोह मला समजतो. लॅपटॉप नको, ड्रायव्हर नको, वायर जोडली, लाल बटण दाबलं की मेमरी कार्डवर फाइल. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर जमणारं कुणी नाही त्यांना तो ठीक आहे. तुमच्याकडे लॅपटॉप आहे आणि मुलगी आहे. असे डबे चित्र जागच्या जागी बरंच दाबून लहान करतात, सम-विषम ओळी घाईघाईनं एकत्र करतात, आणि हालचाल असली की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा चित्रात कायमच्या बसतात. कुणाकडून उसना मिळाला तर एकच चाचणी करा: पाल निवडून मिनिटभर रेकॉर्ड करा आणि फाइल ७२० बाय ५७६ ची झाली का ते बघा. १८ हजार त्यात घालू नका, हे मात्र ठामपणे सांगतो.

आणखी एक वाट लोक सुचवतात, पिवळी वायर एचडीएमआयमध्ये बदलणारी छोटी डबी. ती चौकोनी चित्र ओढून रुंद करते. सगळी माणसं आडवी पसरतात, लग्नातल्या बारीक मुली एकदम थोराड दिसतात. नको.

व्हीसीआर बरा असूनही चित्र वरच्या बाजूला वाकत असेल, तर दोन हजारच्या दशकातला एखादा डीव्हीडी रेकॉर्डर मिळतो का बघा. प्लेअर नव्हे, रेकॉर्डर. व्हीसीआरची वायर त्यात घालायची आणि त्यातून बाहेर काढून कन्व्हर्टरला द्यायची. डिस्क घालायचीच नाही. काही मॉडेल आतल्या आत ओळी क्षणभर धरून तालात सोडतात. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. मुद्दाम विकत घेण्याची घाई करू नका, पण कुणाच्या शोकेसमध्ये धूळ खात असेल तर मागून आणा.

व्हीसीडीचं उत्तर सरळ आहे: हो, लग्नाची कॅसेट पुन्हा करा. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ असतं, म्हणजे ७२० बाय ५७६च्या साधारण पाव भाग. २००३ साली जागा वाचवायला तसं करावं लागायचं. कॅसेटवर आजही त्याहून जास्त शिल्लक आहे. काकूंच्या शालूवरचं जरीकाम व्हीसीडीत नुसतं पिवळं दिसतं. कॅसेटवरून नीट उतरवलं तर निदान काठ कळेल. ती व्हीसीडी मात्र टाकू नका. कॅसेटचा एखादा तुकडा खराब निघाला तर तेवढं ठिगळ तिच्यातून लावता येईल.

गड्ड्याच्या कॅसेटविषयी वेगळं सांगायचंय. बाराबंदी घातलेली शेकडो माणसं, सगळं पांढरं, वर जानेवारीचं लख्ख ऊन. व्हीएचएसला हे पेलत नाही आणि कन्व्हर्टरची ब्राइटनेस कारखान्यातून आली तशीच ठेवली तर पांढऱ्याचा नुसता गठ्ठा होतो, चुण्या नाहीत, चेहरे नाहीत, नंदीध्वजाची काठी आभाळात विरघळलेली. एकदा असं रेकॉर्ड झालं की नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं ते परत येत नाही. म्हणून रेकॉर्ड करायच्या आधी त्या कॅसेटवरचा सर्वात उजळ भाग शोधा, ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडे उतरवा, आणि चित्र जरा मळकट दिसलं तरी चालू द्या. मळकट उजळवता येतं. व्हर्च्युअलडब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर करताना उजेडाचा आलेख दिसतो, त्याचं उजवं टोक भिंतीला चिकटू द्यायचं नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये व्हिडिओवाल्याच्या हॅलोजननं नवरीचा चेहरा असाच धुवून निघालेला असतो, तिथंही हेच.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. रोजच्या वाढदिवसांसाठी ओबीएस स्टुडिओ पुरे. मोफत आहे. त्यात चित्राचा आकार ७६८ बाय ५७६ ठेवा (७२०चं चित्र लॅपटॉपवर योग्य रुंदीत दिसावं म्हणून), वेग सेकंदाला ५० चित्रं, आणि डीइंटरलेसमध्ये, म्हणजे सम-विषम ओळी जुळवण्याच्या सोयीत, 'याडिफ २एक्स' निवडा. बिटरेट १० ते १५ मेगाबिट ठेवला तर तासाला साडेचार ते पावणेसात जीबी लागतील. पप्पांची कॅसेट, लग्न आणि गड्डा या तीन मात्र व्हर्च्युअलडबमध्ये, चित्रातलं काहीही न गमावता दाबणाऱ्या 'लॉसलेस' पद्धतीनं, सम-विषम ओळी होत्या तशा ठेवून उतरवा. तासाला साधारण २५ ते ३५ जीबी जातात. जाऊ द्या. १ टीबीची डिस्क घेतलीत तर त्या मावून वर जागा उरते. पुढं कुणी जाणकार भेटला तर त्या फाइलवरून आजच्यापेक्षा चांगलं काम करून देईल. जास्त दाबलेल्या फाइलवरून नाही. रेकॉर्डिंग थेट पेनड्राइव्हवर घेऊ नका. अनेक पेनड्राइव्ह ४ जीबीच्या पुढची फाइल स्वीकारत नाहीत आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबतं.

लॅपटॉपचं झोपणं बंद करा, वायफाय बंद करा. आणि लाइट जाते त्याचा विचार करा. लॅपटॉपला बॅटरी आहे, व्हीसीआरला नाही. टेप ड्रमभोवती गुंडाळलेली असताना लाइट गेली तर कॅसेट आतच राहते. ओढू नका. लाइट येऊ द्या, व्हीसीआर स्वतः टेप आवरून घेतो. घरी इन्व्हर्टर असेल तर व्हीसीआर त्यावरच लावा.

कॅसेटची तपासणी मात्र सर्वात आधी. कडेचं छोटं बटण दाबून पुढचं झाकण उचला, खिडकीतून रिळाच्या कडा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तसली कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होतातच, शिवाय पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागते. तिला वेगळ्या पिशवीत बाजूला काढा, तिचं काम जाणकाराकडून करून घ्यावं लागेल. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे आपल्याकडे हे कोकणापेक्षा कमी आढळतं. आपला शत्रू उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा पत्र्याखालच्या लोखंडी पेटीत काय होत असेल विचार करा. त्या पेटीतून कॅसेट आजच बाहेर काढा आणि घरातल्या सर्वात थंड खोलीत, भिंतीकडेच्या कपाटात, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. टीव्ही आणि स्पीकरजवळ नको. लावण्याआधी एक दिवस त्याच खोलीत राहू द्या, मग एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. टेप तुटलेली निघाली तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पाझरून हेडवर बसतो. टेप जोडण्याची खास पट्टी मिळते, मेकॅनिकला माहीत असते.

अमेरिकेची कॅसेट एनटीएससीची असणार. आपल्या साध्या व्हीसीआरवर ती काळीपांढरी आणि वर-खाली धावणारी दिसेल. त्यावर वेळ घालवू नका. एका कॅसेटसाठी वेगळं यंत्र घेण्यापेक्षा मावशीकडचं कुणी सुट्टीला येईल त्याच्याबरोबर परत पाठवा आणि तिकडंच फाइल करून घ्या. किंवा स्टुडिओवाल्यांकडे दोन्ही पद्धती वाजवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर असेल तर त्यांना तेवढी एक द्या.

स्टुडिओवाल्यांना सगळं द्यायलाही माझी हरकत नाही, फक्त आधी चार गोष्टी विचारा. कुठला व्हीसीआर वापरता आणि तो शेवटचा साफ कधी केला? फाइल देणार की डीव्हीडी? डीव्हीडी नको, लिहिता येणाऱ्या डिस्कवरचा रंग वर्षांनी उडतो. फाइल ७२० बाय ५७६ची असेल ना? कॅसेट परत देणार ना? आणि आधी एक वाढदिवसाची कॅसेट देऊन काम बघा. उत्तरं नीट देणारा माणूस भेटला तर मोठ्या ९ त्यांच्याकडे बिनधास्त द्या. लहान ४ नको, कारण अनेकांकडे त्यासाठीचं यंत्रच नसतं, आणि 'बघतो, करतो' म्हणत कॅसेट महिनोन्महिने पडून राहते.

आता त्या लहान ४. त्या बहुधा ८ मिलिमीटर टेपच्या असाव्यात. व्हीएचएसमध्ये घालायचं अडॅप्टर या कॅसेटना नसतं. ते असतं व्हीएचएस-सी नावाच्या दुसऱ्याच एका लहान कॅसेटसाठी, आणि दुकानदार कधीकधी दोन्हींत गल्लत करतात. कॅसेटवर 'व्हिडिओ८' आहे की 'हाय८' ते बघा. १९९६चा कॅमेरा म्हणजे या दोनपैकीच एक. डिजिटल८ हा प्रकार १९९९ला आला. हाय८चा कॅमेरा दोन्ही वाजवतो, साधा व्हिडिओ८चा हाय८ नीट वाजवत नाही. मस्कतचा कॅमेरा पालचाच असणार, त्यामुळे तिथं अडचण नाही.

मामाकडे तो कॅमेरा अजून आहे का, आधी विचारा. ज्या कॅमेऱ्यानं टेप लिहिली तोच पुष्कळदा ती सर्वात नीट वाचतो. बॅटरी मेलेली असेल, ते चालतं. अॅडॉप्टर मात्र त्याच व्होल्टेजचा हवा. कॅमेराच नसेल किंवा मेला असेल, तर सोनीचा जुना डिजिटल८ कॅमेरा शोधा, ज्या मॉडेलवर हाय८ वाजवायची सोय आहे असा. सगळ्यांवर ती नसते, मॅन्युअल बघूनच घ्या. मेन्यूत टीबीसी असं दिसलं तर सोन्याहून पिवळं. वर सांगितलेलं ओळी तालात सोडण्याचं काम तो कॅमेरा स्वतःच करतो. १२ हजारांतले चार पैसे इथं जास्त गेले तरी जाऊ द्या. तुमच्या पत्रातली सर्वात मोलाची कॅसेट इथंच आहे. कॅमेऱ्याची वायर जोडल्यावर चित्रच दिसलं नाही तर घाबरू नका: हेडफोनसारख्या एका टोकाच्या आणि तीन रंगांच्या वायरींत कंपनीगणिक क्रम बदलतो. लाल पिन पिवळ्या भोकात घालून बघा.

कॅसेट खऱ्या वेळेतच उतरते, तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास. हा वेळ फुकट घालवू नका. आईला शेजारी बसवा आणि मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करत राहा. पंगतीत वाढणारी ती कोण, मांडवाच्या खांबाशी उभा असलेला तो मुलगा कुणाचा, हे आज फक्त तिला माहीत आहे. ती घरी तेलुगूत बोलत असेल तर तेलुगूतच बोलू द्या. मराठीत लिहून काढणं नंतर होईल. फाइलला नाव देताना आधी साल, मग प्रसंग, मग कॅसेटवर लिहिलेलं जसंच्या तसं. सगळं झालं की एक डिस्क सोलापुरात आणि दुसरी भावाकडे पुण्यात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत जपण्याची प्रत नव्हे, तिथं चित्र पुन्हा दाबलं जातं. आणि कॅसेट विकू नका, टाकू नका.

क्रम असा ठेवा. आधी टाकाऊ सिनेमा, मग एखादा वाढदिवस, मग बाकीच्या. लहान कॅसेटांत पप्पांची शेवटची ठेवा, तोपर्यंत तुमचा आणि मुलीचा हात बसलेला असेल. त्याआधीच्या तीन नीट उतरल्या, ओठ आणि आवाज शेवटपर्यंत जुळले, की त्याच दिवशी, यंत्र तापून स्थिर झालेलं असताना ती घाला. आणि ती 'आधी बघू, मग रेकॉर्ड करू' म्हणून लावू नका, तिला आधी पुढं-मागंही पळवू नका. जुनी टेप पहिल्या खेपेला जे देते ते दुसऱ्या खेपेला देईलच असं नाही. रेकॉर्डिंग आधी सुरू करा, आकडे पळताना दिसले की मग प्ले दाबा, आणि तेव्हाच सगळ्यांनी मिळून बघा.